एक मेचं श्रीखंड

पिनर, १८ एप्रिल २००४, रवि.
शेजारच्या एलेनीबाईंच्या कुंडीतल्या संत्र्याला बहर आलाय. कुंपणापाशी दोघी वास घेत उभ्या राहिलो, इकडे दूध उतू गेलं. त्यांचं गाव मॉर्फू, सायप्रसच्या उत्तरेला. तीस वर्षांपूर्वी तुर्की सैन्य आलं, बाग टाकून दक्षिणेला पळाल्या. शनिवारी तिकडे मतदान. दोन्ही बाजूंचं 'हो' आलं तर बेट एक, मॉर्फू परत. "त्या दिवशी तुझं श्रीखंड हवं." कबूल केलं.

२५ एप्रिल
उत्तरेचं हो, दक्षिणेचं नाही. बाईंच्याच माणसांनी मोडता घातला, सख्ख्या भावानेसुद्धा. पडदे दुपारपर्यंत बंद.
पहाटे स्वप्नात मी संत्र्यांच्या बागेतून चालत होते. टोकाला माझं सासर, सुधीरचं बेळगावचं घर, कडी आतून...

१ मे, शनि.
सायप्रस आज युरोपियन युनियनमध्ये! टीव्हीवर आतषबाजी. म्हटलं, चला, एवढं तरी गोड झालं. श्रीखंडाचा डबा नेऊन दिला, वर अभिनंदन.
"हू जॉइन्ड, डार्लिंग? माझं घर तर बाहेरच राहिलं."
घरी येऊन सांगितलं. सुधीर बघतच राहिला. "आज तारीख काय?"
अक्कल गहाण टाकली होती मी. १ मेलाच महाराष्ट्र झाला आणि याचं बेळगाव बाहेर राहिलं. सासूबाईंनी तेव्हापासून या दिवशी गोड केलं नाही, मीही लग्नापासून पाळते. आणि आज नेमका शेजारी डबा! फार लाज वाटली.
सुधीर उठून त्यांच्याकडे गेला. खिडकीतून दिसत होते दोघं झाडापाशी. डबा मधे, झाकण तसंच.

९ मे, रवि.
बाई डबा घेऊन आल्या. रिकामा देऊ नये हे माझ्याकडूनच शिकल्या, आत संत्र्याची फुलं. उत्तरेत जायचा नाका गेल्या वर्षी उघडला, पण यांचा हट्ट, स्वतःच्या घरी जायला पासपोर्ट दाखवणार नाही.
सुधीर एकदम म्हणाला, "संत्री कधी पिकतात?"
"डिसेंबरात."
"मग जाऊ. नाक्यावर मी पुढे होतो, तुम्ही मागून या."
बाई हसल्या. मग, "आणि तू? तुझ्या बेळगावच्या वाटेवर तर नाकाही नाही. तू का जात नाहीस?"
सासूबाई गेल्यापासून सुधीर बेळगावला गेलेला नाही. मला हे विचारायचं धाडस कधी झालं नाही. तो डब्यातली फुलं हुंगत बसला.
घरभर वास आहे. फुलं पाण्यात ठेवलीत.