हॉलिसच्या खिडकीसमोरचं झाड

१३ सप्टेंबर, शनिवार
हॉलिस क्रमने आज जत्रेत सगळ्या गावासमोर माझी अब्रू घेतली. शेजारी म्हणून तीस वर्षं सांभाळून घेतलं. आता बास.
झालं असं. दरवर्षीप्रमाणे मी आमच्या अंगणातल्या बकआय झाडाच्या बिया टोपलीत घालून वाटत होतो. तपकिरी, चकचकीत, एका बाजूला फिकट ठिपका. हरणाच्या डोळ्यासारख्या. एक खिशात ठेवली की नशीब फळफळतं म्हणतात. ज्या झाडावरून अख्ख्या ओहायोला ‘बकआय राज्य’ म्हणतात, ते झाड आमच्या अंगणात बाबांनी लावलं, हे गावात कुणालाही विचारा.
हॉलिसने एक बी उचलली, फिरवून बघितली आणि म्हणाला, इरव्हिन, रागावू नकोस, पण तुमचं झाड बकआय नाही. हॉर्स चेस्टनट आहे. युरोपातलं. बकआयच्या पानाला पाच बोटं असतात, तुमच्याला सात आहेत.
लोक हसले. पाद्रीबाबाही हसले. एका बाईने पर्समधली बी काढून परत टोपलीत टाकली.
मी रागावलो नाही. सूड घेणार आहे, एवढंच.

१४ सप्टेंबर
सकाळी पान तोडून मोजलं. सात. दुसरं झाडाच्या मागच्या बाजूचं तोडलं. सात.
ओपल म्हणाली, तुझ्या बाबांनी मोजलं नसेल. बाबा सुतार होते. आयुष्यभर मोजतच होते. बायको असून शत्रूची बाजू घेते.

१६ सप्टेंबर
वाचनालयातून पुस्तक आणलं. बेत पक्का. खरा, इथल्या मातीतला बकआय लावायचा. जागा: कुंपणाला लागून, हॉलिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. म्हणजे रोज सकाळी कॉफी पिताना त्याला पाच बोटं दिसतील. पुढे झाड वाढलं की त्याचं ऊनही जाईल. पूर्ण वाढायला तीसेक वर्षं लागतात. मी बहात्तरचा आहे. घाई कशाचीच नाही.
दुपारी ओढ्याकाठी जाऊन बिया गोळा केल्या. टरफलावर बारीक काटेरी फोड, पुस्तकात आहे तसेच. पुस्तक म्हणतं, बी ताजी असतानाच मातीत घाला, वाळली की मेली. पुस्तकं लिहिणाऱ्यांना आपल्याकडच्या दमट हवेची काय कल्पना. बिया खिडकीत उन्हाला ठेवल्या. चांगल्या कडक होऊ देत.

१८ ऑक्टोबर
बाबांचं झाड पाडलं.
ओपल बहिणीकडे गेली होती. मशीनवाला म्हणाला, काका, झाड चांगलं धडधाकट आहे, नक्की पाडायचं ना? दोनदा विचारलं. त्याला काय सांगणार. हॉलिस येता-जाता त्या झाडाकडे बघतो आणि मनात हसतो. हसायचं कारणच मुळापासून काढलं.
संध्याकाळी ओपल आली. गाडीतून उतरून बराच वेळ फाटकापाशी उभी राहिली. म्हणाली, मला वाटलं मी चुकीच्या घरी आले. मग आत जाऊन दार लावून घेतलं.
हळूहळू पटेल तिला.

३ नोव्हेंबर
बिया मनुक्यांसारख्या सुरकुतल्या आहेत. तरी पेरल्या. जिद्द त्यांच्यात असणारच, ओहायोच्याच आहेत.

५ नोव्हेंबर
खारींनी सगळ्या उकरल्या. हॉलिस खारींना दाणे घालतो. म्हणजे त्या त्याच्याच.

२६ एप्रिल
हिवाळा नुसता विचारात गेला. आज मात्र नशिबाने हात दिला. ओढ्याकाठच्या जंगलात गुडघ्याएवढं रोप सापडलं. एका देठावर पाच पानं. तीनतीनदा मोजली. मुळासकट आणून ठरल्या जागी लावलं. हॉलिस कुंपणापलीकडे भोपळ्याचा वाफा करत होता. जत्रेत त्याचा भोपळा दरवर्षी पहिला येतो. माझ्या रोपाकडे बघून काहीतरी बोलणार होता, मग गप्प बसला. वर्मी लागलं.

१७ मे
रोप जोमात आहे. इतक्या वेगाने वाढतंय की पुस्तकवाल्याला लिहून कळवावं म्हणतो. कुंपण धरून वर चाललंय.
ओपल म्हणाली, इरव्हिन, झाडं कुंपणाला धरत नाहीत. वेली धरतात.

१८ मे
वेल आहे. पाच पानांची. उपटली.
हॉलिसला तीन आठवडे माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही. हाही हिशेब राहिला.

२२ मे
शहराबाहेरच्या रोपवाटिकेत गेलो. कुंडीतला बकआय घेतला, माझ्या खांद्याएवढा. तिथल्या मुलीने मला एक पान चुरगळून हुंगायला दिलं. घाण वास. खऱ्या बकआयची हीच खूण, म्हणाली. इतका वाईट वास मला इतका गोड कधी लागला नव्हता.
नावाची पट्टी गाडीतच काढून टाकली. कुणी विचारलं तर बीपासून वाढवला म्हणून सांगायचं.

९ जून
घर तापतंय. दुपारी स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. आधी सावली कुठून यायची, ते आता कळलं. ओपल दुपारी हॉलिसच्या ओसरीवर जाऊन बसते. त्याची बायको गेल्यापासून ती ओसरी रिकामीच असते. म्हणते, तिथे गार वाटतं, आणि तो झाडांबद्दल बोलत नाही.
मी घरातच बसलो. पाय पाण्याच्या बादलीत ठेवून. सूड घ्यायचा तर थोडं सोसावं लागतं.

४ जुलै
सुटीचा दिवस, हॉलिस अंगणात होता. कुंपणापाशी जाऊन त्याच्यादेखत एक पान तोडलं, चुरगळलं आणि त्याच्या नाकाशी धरलं. त्याने हुंगलं. म्हणाला, अरे वा. हा खरा बकआय. छान जोपासलास, इरव्हिन.
त्याची ही असली बोलणी मला समजतात. छान म्हणे. दिवसभर डोकं भणभणत होतं.

९ ऑगस्ट
झाडाची पानं पिवळी पडताहेत. कडा करपल्या आहेत. पाणी भरपूर घालतोय.

१२ ऑगस्ट
निम्मी पानं गळाली. भर उन्हाळ्यात. बाकी सगळ्या गल्लीतली झाडं हिरवीगार आहेत, आणि माझंच एक सुकतंय. याला कारण एकच असू शकतं. विष.

१३ ऑगस्ट
हॉलिस दारात आला. टोपी हातात. म्हणाला, इरव्हिन, तुझ्या झाडाबद्दल एक सांगायचं होतं. गुन्हा कबूल करायला आला असणार. त्याचं वाक्य संपायच्या आत दार लावून घेतलं. माफी इतकी स्वस्त नाही.
ओपल म्हणाली, ऐकून तरी घ्यायचंस. म्हटलं, विष घालणाऱ्याचं काय ऐकायचं. ती म्हणाली, विष कुणी घातलं पाहिलंस का. या बाईला पुराव्याचं फार वेड आहे.

१६ ऑगस्ट, रविवार
झाडावर एकही पान नाही. नुसती काठी.
हॉलिस आणि ओपल चर्चमध्ये होते. मी डोकं दुखतंय म्हणून घरी थांबलो. हॉलिसच्या वाफ्यात गेलो. भोपळा केवढा झालाय, दोन माणसांना उचलायचा नाही. वेलाचा देठ कातरीने कापला. एवढंच. बाकी काही केलं नाही. भोपळ्याला हातसुद्धा लावला नाही.
जेवताना ओपल म्हणाली, घामाघूम का झालायस. म्हटलं, सावली नाही म्हणून.

१२ सप्टेंबर
जत्रा. हॉलिस भोपळ्याशिवाय आला. जो तो विचारत होता. तो म्हणत होता, यंदा नाही जमलं. कुणाचं नाव घेतलं नाही. डाव असणार काहीतरी.
मी जिंकलो. त्यानिमित्त लिंबूसरबत घेतलं. साखर कमी होती.

३० नोव्हेंबर
शत्रूने पळ काढला. हॉलिसने घर विकलं. इंडियानात मुलीकडे चाललाय कायमचा. ओपल सांगत होती आणि रडत होती. मी म्हटलं, मनात पाप असलेला माणूस एका जागी टिकत नाही.

१२ डिसेंबर
हॉलिस निरोप घ्यायला आला होता. मी न्हाणीघरात होतो. लवकर बाहेर पडता आलं नाही. नळ सुरू होता, त्यामुळे बाहेर काय बोलले ते ऐकू आलं नाही. गाडी गेल्याचं तेवढं ऐकू आलं.
ओपलने रात्रीचं जेवण केलं नाही. म्हणजे माझंही नाही.

२ एप्रिल
काठीला पानं फुटली आहेत.
सगळ्या गल्लीत एकाही झाडाला पालवी नाही, आणि हे एकटं हिरवं. पाच-पाच बोटांची छोटी पानं, घड्या घातलेल्या रुमालासारखी उलगडताहेत. विष पचवून उभं राहिलं. मी जोपासलेलं झाड आहे. हॉलिसला हे बघायला मिळालं पाहिजे. त्याच्या खिडकीत नवे लोक पडदे लावताहेत.
ओपल बाहेर येऊन पाहून गेली. छान म्हणाली. ती कशालाही छान म्हणते.

४ एप्रिल
ओपलकडून इंडियानाचा नंबर घेतला. मागितल्यावर तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग दिला.
फोन हॉलिसनेच उचलला. मी म्हटलं, झाड जिवंत आहे, तुझा डाव फसला. तो म्हणाला, पानं आली ना? बकआय सगळ्यांत आधी फुटतो आणि सगळ्यांत आधी झडतो. ऑगस्टातच. तुला ते सांगायलाच आलो होतो, तू दार आपटलंस.
मी मनात म्हटलं, पुस्तकात असेल हे. शेवटची पानं वाचली नव्हती.
मग तो म्हणाला, आणि इरव्हिन, त्या रविवारी मी चर्चमधून लवकर परतलो होतो.
मी खुर्ची ओढून बसलो. विचारलं, मग बोलला का नाहीस. म्हणाला, आधी फार राग आला होता. पण तू कातर हातात घेऊन त्या वाफ्यात इतका वेळ उभा होतास, मी मनात म्हटलं, कापून टाकू दे. एवढ्याने तरी हा शांत होईल.
नाही झालो, म्हटलं. हो, ते दिसलंच, म्हणाला.
मग मी विचारलं, इकडे कधी येतोयस. तो हसला. वाईट हसला नाही. म्हणाला, घर विकलंय रे मी.

५ एप्रिल
ओपलने विचारलं, आता कुणावर राग आहे? म्हटलं, सध्या कुणावर नाही.
दुपारभर काय करावं ते कळलं नाही.