सर्च इंजिनात अडकलेले सोडे

मिऱ्या, रत्नागिरी
चैत्रातला शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप राजश्रीवन्सं,

दर्शनाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे फार वाकता आलं नाही, तेवढं चालवून घ्या.) इकडे आम्ही सगळे ठीक. तुम्ही नाशकात ठीक असालच, कारण तुमची तब्येत बिघडली असती तर तुमचा आवाज इथवर ऐकू आला असता. जावईबापूंचा गुडघा काय म्हणतो? वेदिकाची परीक्षा संपली का? आई रोज तुमची आठवण काढतात, बहुतेक वेळा मला काहीतरी जमलं नाही की काढतात.

हातात फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. वन्सं, तो फोन आता माझा राहिलेला नाही. त्यावर सारखी माणसं असतात. परवा तुमचा फोन आला तेव्हा नाव न बघताच जुन्या सवयीने मी विचारलं, "ऑर्डर आहे की सोडायचं आहे?" आणि तुम्ही, "आम्ही काय सोडायचं? माहेर?" असं म्हणून फोन ठेवलात. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (थोडासा उतरतो.) म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

दिवाळीत संदेशभाऊजी भांडुपहून आले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते कशासाठी आले होते हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. घरापुढचं खळं सपाट करायचं, सोडे वाळवायचे मांडव काढून टाकायचे आणि तिथे पर्यटकांसाठी समुद्र दिसेल अशा खोल्या बांधायच्या, असा त्यांचा बेत होता. आमचे हेही तयार झाले. त्यांचंही चुकत नव्हतं. आईंना आता बाजारात बसवत नाही, उन्हाने डोळ्यांसमोर अंधारी येते. त्या बसेनात तशी जुनी गिऱ्हाईकं पांगली आणि डबेच्या डबे घरात भरून राहिले. दोघे भाऊ जेवताना खोल्यांच्या खिडक्या कुठल्या बाजूला काढायच्या यावर बोलत होते, तेव्हा आईंनी ताट बाजूला सारलं. उठल्या, बाहेर गेल्या आणि झटकून ठेवलेल्या जाळ्या पुन्हा झटकत बसल्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, मे महिन्यापर्यंत खळ्याला हात लावायचा नाही. तोवर सोडे खपले नाहीत तर पायाचा पहिला चिरा मी स्वतः उचलून देईन. संदेशभाऊजी हसले. म्हणाले, "वहिनी, विकणार कुणाला, कावळ्यांना?" (कावळे आपले जुने गिऱ्हाईक आहेत हे खरंच आहे, पण बोलायची काही पद्धत असते.)

विकणार कुणाला, ते मलाही माहीत नव्हतं. तेवढ्यात आमच्या बचत गटात मेसेज आला की महिलांसाठी सर्च इंजिन मार्केटिंगचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण आहे, घरबसल्या शिका. मी त्यातला 'मार्केट' एवढाच शब्द ओळखीचा बघून नाव घातलं. आमच्या ह्यांनी 'इंजिन' ऐकलं. तुमच्या भावाचा अर्धा जन्म लाँचच्या इंजिनापाशी गेला. पहिल्या दिवशी ते दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून माझ्याआधी फोनसमोर बसले आणि मॅडमनी "कुणाला काही शंका?" म्हणताच त्यांनी विचारलं, "किती सिलिंडरचं?" मॅडम पुण्याच्या, तेजस्वी नावाच्या, वयाने आपल्या वेदिकाहून थोड्याच मोठ्या. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, "काका, हे इंजिन शोधायचं काम करतं." हे म्हणाले, "आमचं तर दर वेळी आम्हालाच शोधावं लागायचं, कुठे बिघडलंय ते." मग उठून गेले. पण त्यांचा मान राखला गेला.

तर मॅडमनी शिकवलं ते असं. माणसाला काही हवं असलं की तो हल्ली शेजाऱ्याला विचारत नाही, फोनमध्ये टाइप करतो. तो काय टाइप करील ते आपण आधीच ओळखायचं, ते शब्द निवडून ठेवायचे, म्हणजे त्याने तो शब्द लिहिला की त्याच्या डोळ्यांसमोर आपली जाहिरात उभी राहते. त्या शब्दाला कीवर्ड म्हणतात. मला हे पटकन कळलं. आई बाजारात बसायच्या तेव्हा बाईची पिशवी बघून तिला काय हवंय ते ओळखायच्या, त्यातलंच हे. प्रत्येकीने एक खरा धंदा घेऊन त्याची जाहिरात करायची होती. मी काही बोलायच्या आत मॅडमनी विचारलं, "दर्शनाताई, तुमच्या मागे त्या आजी काय सोलतायत?" कॅमेरा चालू राहिला होता आणि मागे आई पाय पसरून कोलंबी सोलत होत्या, ते सगळा वर्ग बघत होता. तुम्हाला सोडे काय ते सांगायला नको, पण मॅडमना सांगावं लागलं की कोलंबी सोलून कडक उन्हात वाळवली की तिचे सोडे होतात, आणि ते बटाट्यात घातले की माणूस ताटावरून उठत नाही. मॅडम शाकाहारी निघाल्या. तरी त्यांनी 'छान' म्हटलं.

जाहिरातीला नाव दिलं 'गंगुबाईंचे सोडे'. आईंना विचारलं तर म्हणाल्या, "माजा नाव कशाला गो? लोक काय म्हनतील?" आणि नंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला फोन दाखवायला लावला. खाली मी लिहिलं, 'घरच्या घरी. खात्रीशीर. आजच फोन करा.' कीवर्ड म्हणून 'सोडे' टाकलं. पुढे एक प्रश्न आला, की हाच शब्द हवा का मिळतेजुळतेही चालतील? मी म्हटलं, मिळतेजुळते का नकोत, आपलं मन मोठं आहे. आणि दिलं बटण दाबून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. माणूस साताऱ्याकडचा, आवाज दबका.

"ताई, जाहिरात बघितली. मला सोडायचीय."

मला वाटलं, पार्सल म्हणतोय. मी म्हटलं, "कुठे सोडायचीय? पत्ता सांगा."

"पत्ता मागनं देतो. आदी सांगा, खात्री हाय न्हवं?"

"आमच्या सासूबाई लग्न होऊन आल्यापासून हेच करतात."

मग म्हणाला, "लई सोसलं आसंल त्यांनी."

मला त्याचं फार कौतुक वाटलं. एवढी कदर आपल्या गावातही कुणी करत नाही. मी विचारलं, "घरात खाणारे किती?"

"मी एकटाच. बायकूला वास सहन हुईत न्हाई."

"रोज किती लागतं?"

"चार पुड्या."

वन्सं, मी आनंदाने फोन दुसऱ्या कानाला लावला. रोज चार पुड्या सोडे खाणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. तो म्हणाला, बायकोला कळता कामा नये. मी म्हटलं, मग कामाच्या ठिकाणी पाठवते. त्याने साखर कारखान्याचा पत्ता दिला आणि शेवटी काकुळतीने विचारलं, "ताई, सुटंल न्हवं?"

मी ठणकावून सांगितलं, "सुटे आम्ही देत नाही. पाकिटातूनच येतात."

त्यानंतर दिवसभर फोन थांबेना. एकाला दारू सोडायची होती, एकाला नोकरी. एक जण सोड्याच्या बाटल्या भरायचं मशीन मागत होता. दुपारी एका मुलीने नवरा सोडायचा आहे म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. सोडणे, सोडवणे, सोडचिठ्ठी, ज्यात म्हणून 'सोड' आहे ते सगळं त्या इंजिनाला सोड्यांसारखंच दिसत होतं, आणि ज्यांना ज्यांना काही सोडायचं होतं त्या सगळ्यांसमोर ते आपल्या आईंचं नाव उभं करत होतं. मी फोन ठेवणार, तोच आईंनी हात पुसून तो माझ्याकडून घेतला. "कशाक सोडतंस गो बाय? मारतो काय?" मारत नव्हता. जेवताना फोन बघतो, बोलत नाही, एवढंच होतं. आई म्हणाल्या, "जेवान वाढूच नको. ताट रिकामा ठेव. बघ, मान वर करतो की नाय." रात्री त्या मुलीचा उलटा फोन आला. मान वर केली होती.

मग आईंना कोण आवरणार? नोकरी सोडणाऱ्याला त्या म्हणाल्या, दुसरी मिळेपर्यंत हिला घट्ट धरून बस. दारूवाल्याला मात्र त्यांनी शहाणपण शिकवलं नाही. मला म्हणाल्या, "त्याला डाक्टरच्या दारात धाड, हा आपला काम नाय." पण धाडायच्या आधी तो जेवलाय का ते विचारून घेतलं. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. बाजारातली त्यांची जागाच जणू कुणी उचलून ओटीवर आणून ठेवली होती.

इकडे साताऱ्याचं पार्सल वेगळंच गाजत होतं. कुरिअरवाल्याने वासानेच ते परत केलं. मग आमचे हे ते स्कूटरवर घेऊन हातखंब्याला गेले आणि हायवेवर एका ओळखीच्या ट्रकवाल्याला गळ घातली. त्याने ते टपावर बांधलं. त्या माणसाच्या पुड्या तंबाखूच्या होत्या हे माझ्या लक्षात येईपर्यंत ट्रक घाट चढला होता. (नंतर मिरजोळ्याच्या एमआयडीसीत हवाबंद पाकिटं करणारा एक जण मिळाला. आता वास घरातच राहतो, बाहेर जात नाही.) मी क्लासमध्ये हे सगळं सांगितलं तेव्हा सगळ्या बायका हसून लाल झाल्या. मॅडमनी पुढचा धडा तिथेच घेतला, की कुठल्या शब्दांना आपली जाहिरात दाखवायची नाही त्यांचीही वेगळी यादी देता येते. मी दारू, तंबाखू, नवरा, नोकरी, मशीन, सगळ्यांना त्या यादीत घातलं. फोन एकदम बंद. ऑर्डरही नाही आणि सोडणारेही नाहीत. घर कसं ओस पडलं. आई फोनकडे बघत बसायच्या आणि म्हणायच्या, "मेला की काय गो तो?"

खरं सांगते, मी मनातून चिरा उचलायची तयारी केली होती. आणि मग साताऱ्याचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. त्याचं नाव गंगाराम. म्हणाला, "ताई, तुमचं औषध पोचलं. उघडल्यावर कळलं काय हाय ते. आदी राग आला. मग म्हटलं, आलंय तर भाजून बघू." पहिला सोडा त्याने तंबाखूच्या वेळेला तोंडात टाकला. तो इतका वेळ चावावा लागला की तलफ निघून गेली. आता तंबाखूच्या डबीत भाजलेले सोडे ठेवतो. सगळी सुटली असं तो म्हणत नाही, पण पुड्या कमी झाल्या, आणि बायको एक दिवस आपणहून जवळ येऊन म्हणाली, "ह्यो वास तरी बरा." आता कारखान्यातल्या त्याच्या पाळीतल्या सगळ्यांना सोडे हवे आहेत. तंबाखू न खाणाऱ्यांनाही.

मग मी नीट जाहिरात केली. 'सोडे' शब्दापुढे 'सुकी कोलंबी' आणि 'रत्नागिरी' जोडलं, गंगारामची हकिगत त्याच्याच शब्दांत खाली घातली. सांगली, कराड, फलटण, कुठकुठून फोन येतात. ज्या देशावरच्या माणसांनी समुद्र वर्षातून एकदा पाहायचा, ते आता आईंना विचारतात, ह्या खेपेला ऊन कसं आहे. डबे रिकामे झाले. पाडव्याला संदेशभाऊजी आले ते टेप घेऊनच. खळ्यात नवे मांडव घातलेले, शेजारच्या हौसाकाकी आणि त्यांची सून आमच्याकडे सोलायला बसलेल्या. ते सगळ्या खळ्याला चक्कर मारून आले. मग त्याच टेपने मांडवाची लांबी मोजून म्हणाले, "इथे अजून एक बसेल." आईंनी त्यांना सोडे-बटाटे दुसऱ्यांदा वाढले, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. ह्या वयात, वन्सं. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि एकटीच हसत राहिले.

बाकी क्षेम. जावईबापूंना नमस्कार, वेदिकाला आशीर्वाद. सोडे वेगळे पाठवते आहे, शेजाऱ्यांना वास आला तर आमचा नंबर द्या.

तुमची,
दर्शना

ता. क. आता लिहायचं ते लिहिते. सोडणाऱ्यांचे फोन बंद झाल्यापासून आईंना करमत नाही, आणि मला शेवटच्या परीक्षेसाठी दुसरी एक जाहिरात करायची होती. म्हणून मी केली: 'काही सोडायचं आहे? आधी मोकळेपणी बोला.' फुकट. पण इथला फोन ऑर्डरींनी भरलेला, आईंचे हात कोलंबीत. तेव्हा आईंनीच सुचवलं की असं बोलणारी आपल्या घरात एकच आहे. जावईबापूंची तपकीर तुम्ही कशी सोडवलीत ते अजून सांगतात इथे. तर दुपारी वामकुक्षीनंतर थोडा वेळ द्याल का?

ता. ता. क. मी म्हटलं, वन्संना आधी विचारू या. आई म्हणाल्या, "इचारलंस तर नाय म्हनेल. नंबर घाल." घातला आहे. गेल्या सोमवारपासून चालू आहे.

आणखी एक. बुधवारी दुपारी एका अनोळखी बाईचा तुम्हाला फोन आला होता, नवऱ्याची सिगारेट सुटत नाही म्हणून. तुम्ही चहा गार होईपर्यंत तिला समजावलंत आणि शेवटी, ऐकलं नाही तर त्याला घराबाहेर काढ, असं सांगितलंत. त्या आमच्या तेजस्वी मॅडम. तुमची परीक्षा घेत होत्या. तुम्ही पास झालात. फक्त त्यांचं लग्न अजून ठरायचं आहे, आणि परवा बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पहिला प्रश्न सिगारेटचा केला. हे खूळ कुणी भरवलं म्हणून मॅडमकडून नंबर घेऊन त्याच्या आईने मला फोन केला होता. तुमचा नंबर दिला आहे.