कुंकू लावायचं राह्यलं

रविवार, दिवेलागणीला

दुपारी पाच-सहा पोरं काठ्या घेऊन चाळीत घुसली. "ख्रिस्ती कुठली हाय? प्रार्थना कोण घेतंय?"

मी न्हाऊन बाळीला घेऊन दारात बसलोतो. कुंकू लावायचं राह्यलंतं. माझं मोकळं कपाळ बघून एकानं केसच धरलं. "पप्या, हीच की रं!" बाळी हातातनं निसटाय लागली. मी वरडलो, "मी न्हाय ओ, देवाशपथ न्हाय!"

तवर शेजारच्या अक्काताई मधी आल्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. म्हणल्या, "सोड तिला. प्रार्थना माझ्या घरात असती. मी हाय ख्रिस्ती."

पोरं हसली. "कुंकू लावून ख्रिस्ती व्हय गं म्हातारे?"

"नवरा जिता हाय माझा. येशूनं पुसाय सांगितलं न्हाय."

मग काठ्या बसल्या. डोक्यात दोन, हातावर एक. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मला वाटायचं, ख्रिस्ती म्हंजे फ्रॉकवाली, मेरी न्हायतर रोझी. पाच वर्षं अक्काताईंच्या हातचं खाल्लं, कधी मनात आलं न्हाय. मी तरी काय, त्या पोरांगत कपाळच बघत होतो की.

रिक्षात घालताना त्याच मला इचारत होत्या, "बाळीला लागलं न्हाय न्हवं?"

आमचं हे म्हणत्यात, काय बघितलं न्हाय म्हण, परत येतील. येतील की. लई भ्या वाटतंय. पण पप्या हे नाव मी ऐकलंय. इथं लिवून ठेवतो. उद्या सकाळी पोलीस चौकीत तोंडातनं शब्द न्हाय फुटला, तर ही वहीच पुढं करणार.