मार्करचा बॉल

अण्णा, इथे मस्कतला दुपारी अकरा ते चार कोर्टावर कुणी फिरकत नाही. हॉटेलच्या मागे टेनिसची सिमेंटची दोन कोर्टं आहेत, आणि ऊन असं की बूट घालूनसुद्धा तळवे भाजतात. मी स्टोअरच्या खोलीत बसून पाहुण्यांच्या रॅकेटचं गटिंग करतो, तुटलेल्या तारा काढून नव्या ओवतो. आज तेही काम नाही, म्हणून लिहायला बसलो. माझं अक्षर तुम्हाला माहितीये, त्यात मराठी लिहून नऊ-दहा वर्षं झाली असतील, तेव्हा चुका धरू नका. तुम्हाला जाऊनही तेवढीच वर्षं झाली. काम काय करतो ते सांगतो. पाहुणा एकटा येतो, त्याला खेळायला समोर माणूस लागतो, तो माणूस हॉटेल देतं. तो मी. इकडे त्याला हिटिंग पार्टनर म्हणतात. आपल्या जिमखान्यात मार्कर म्हणायचे. तुम्ही तीस वर्षं केलंत, तेच. इथे तरी किती दिवस टिकेन, सांगता येत नाही. एका जागी बसवत नाही मला, अजूनही.

अजून डोळ्यांसमोर आहे, पहाटे तुम्ही खडकीहून सायकल काढता, लाल मातीवर पाणी मारता, रोलर ओढता, चुन्याच्या रेषा काढता आणि मग पांढरी पँट घालून मेंबरांची वाट बघत उभे राहता. आधी सगळे रिटायर साहेब लोक असायचे. नंतर हिंजवडीच्या कंपन्यांतले तरुण यायला लागले, कंपनीची बस पकडायच्या आधी अर्धा तास, रॅकेट नवी कोरी आणि बॉल कुठल्या कुठे. तो तुम्ही धावत जाऊन उचलायचात आणि परत द्यायचात बरोबर मेंबरच्या कमरेपाशी. त्यानं नुसता हात फिरवायचा. सेटसुद्धा द्यायचात, पण सरळ नाही, चार-चारपर्यंत ओढून मग. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक डॉक्टर मेंबर होते. ते एकदा म्हणाले, “काय हो मार्कर, आज दया आली का आमची?” तुम्ही टॉवेलनं तोंड पुसत म्हणालात, “दया कसली साहेब, तुमचा बॅकहँड बघून मीच देवाचं नाव घेतलं.” डॉक्टर हसत हसत आत चहाला गेले. तुम्ही तुमचा वेगळा कप घेऊन रोलरच्या शेडमागे. मी चिडलो होतो. मला माहीत होतं की तुम्ही ठरवलं असतं तर डॉक्टरांना एक गेम मिळाला नसता. तुम्ही म्हणालात, “मी जिंकलो तर ते उद्या येतील का?”

मला शिकवलंत ते भर दुपारी, मेंबर जेवायला घरी गेल्यावर. जिमखान्याचे सेक्रेटरी बघून न बघितल्यासारखं करायचे. तुम्ही नेटपलीकडून एकामागून एक बॉल देताय, सगळे एका उंचीचे, एका वेगाचे, आणि मी मारतोय. नंतर मला दमवायला म्हणून तुम्ही मारायचात आणि मी परत द्यायचा, तुमच्या रॅकेटवर. तो बॉल नीट गेला की तुम्ही मान हलवायचात. तेवढ्यासाठी मी तास तास तसा बॉल देत राहायचो.

बारावी कशीबशी सुटली, मग खेळाच्या जागेवर कॉलेजात घेतलं. वर्ग मी दोनदा पाहिला असेल. कॉलेजचे जिमखाना सर म्हणायचे, “हजेरी माझ्यावर सोड, तू फक्त कप आण.” आणले. त्या वर्षी कॉलेजांत मला कुणी हरवलं नाही, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. स्वयंपाकघरात मी सांगितलं, ते दिसतंय मला. आई चपात्या लाटतेय, तुम्ही पाटावर, ताटात आमटी.

“कॉलेज सोडतोय. प्रोफेशनल खेळणार.”

आई म्हणाली, “म्हणजे आत्ता काय खेळतोस?”

तुम्ही म्हणालात, “कॉलेजात तुला हरवतील अशी पोरं दोन-चार. तिथे प्रत्येक जण आपापल्या गावात पहिला आलेला असतो. दोन वर्षं थांब. डिग्री घे, मग जा.”

“तुम्ही थांबलात ना तीस वर्षं? काय मिळालं?”

“अरे, जेवताना तरी,” आई म्हणाली.

तुम्ही चपातीचा तुकडा आमटीत बुडवलात. “मला मेंबर मिळाले. तुला काय मिळतंय बघू.” आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दोन्ही रॅकेटना नवी ग्रिप गुंडाळून तुम्हीच ठेवलीत.

सात-आठ महिने मी गावोगाव फिरलो. पात्रता फेरीसाठी आदल्या संध्याकाळी वेळेत जाऊन कागदावर सही करायची, नाहीतर नाव गेलं. सही केली, सकाळी हरलो, पुढच्या गाडीत बसलो. कधी दोन फेऱ्या काढल्या, मग हरलो. कॉलेजात हरलं की सर वडापाव खाऊ घालायचे आणि दोन शिव्या द्यायचे. या स्पर्धांत शिव्या द्यायलाही कुणी नाही. प्रत्येकाच्या कानात गाणी, बरोबर कोच, नाहीतर आई. दिल्लीला दुसऱ्या एका पोराचा कोच मला म्हणाला, “बेटा, मारते अच्छा हो, पर सामनेवाले को खिलाते हो. कौन सिखाता है?” मी सांगितलं, वडील. “क्या करते हैं?” मार्कर आहेत. तो नुसता “अच्छा” म्हणाला. तो अच्छा मी पुण्यापर्यंत घेऊन आलो.

पुण्यातल्या स्पर्धेला तुम्ही सुट्टी काढलीत. इस्त्रीची पांढरी पँट घालून तारेच्या जाळीबाहेर उभे राहिलात. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण कोर्टाशेजारी बसायची तुम्हाला सवयच नव्हती. पात्रतेची शेवटची फेरी. ही काढली की मुख्य स्पर्धेत नाव. तिसरा सेट, चार-पाच, सर्व्हिस माझी, तीस-चाळीस. हा पॉइंट गेला की मॅच गेली. समोरच्याचा बॉल अर्ध्या कोर्टात मऊ पडला. तो स्वतः माझ्या पार डाव्या कोपऱ्यात, उजवी बाजू सगळी मोकळी. मी पुढे गेलो आणि बॉल दिला तो त्याच्या फोरहँडवर, कमरेच्या उंचीला, अलगद. मेंबरला देतात तसा. त्यालाच क्षणभर खरं वाटलं नसावं. पण त्यानं मारला.

मी सरळ तारेपाशी आलो. तुम्ही पाण्याची बाटली पुढे केलीत.

“पाहिलंत? हा तुमचा हात,” मी म्हणालो. “मार्करच्या पोटी आलो, मार्करचा बॉल दिला. तुम्ही शिकवलं नसतं तर आज जिंकलो असतो.”

लोक ऐकत होते. तुम्ही बाटलीचं झाकण परत लावलंत. “हं. तसाच पडला,” म्हणालात.

त्यानंतर आपण दोघं कधी खेळलो नाही. मी रॅकेट बांधून ठेवली, हडपसरला एका गोदामात लागलो, ते सोडलं, आणखी दोन कामं धरली आणि सोडली. मेंबरांची मुलं मे महिन्यात तुमच्याकडे शिकायला यायची. त्या वर्षी तुम्ही नाही म्हणालात. सेक्रेटरींना सांगितलंत, “पोरांना माझा हात लागायला नको, दुसरा कुणी बघा.” आईनं नंतर आणखी एक सांगितलं. डॉक्टर मेंबरांना तुम्ही विचारलं होतंत, हाताची सवय बापाची पोरात उतरते का. डॉक्टर म्हणाले, “मधुमेह उतरतो हो. बॅकहँड उतरत असता तर माझ्या पोराचं काही खरं नव्हतं.” घरी येऊन हे तुम्ही आईला सांगितलंत, पण हसला नाहीत. दीड वर्षात काविळीचं निमित्त झालं. दवाखान्यात अकरा दिवस मी तुमच्या उशाशी होतो. बोलायला भरपूर वेळ होता. मी सलाइनकडे बघत बसलो.

तर तो बॉल, अण्णा. उजवीकडे मोकळं आहे, हे मी बघितलं होतं. तिथे मारला असता तर चाळीस-चाळीस झालं असतं, मग पुन्हा सर्व्हिस, पुन्हा धावणं. जिंकलो असतो तर उद्या परत, हरलो असतो तर पुढच्या गावात परत सही. मी दमलो होतो. मला घरी जायचं होतं, आणि ते तोंडानं सांगायची लाज वाटत होती, सगळ्यात जास्त तुमच्यासमोर. तेव्हा म्हटलं, संपव. सवयीनं गेला नाही तो. मी दिला.

आई अजून फोनवर म्हणते, त्यांच्या हातानं तुझं नुकसान झालं रे. हे तिला पाठवायला पाहिजे, शेजारची मुलगी वाचून दाखवेल. पण पाठवणार नाही. ऐकून ती फोन करेल, आणि तो मी उचलणार नाही, हे मला आत्ताच माहितीये.