ओटीचे तांदूळ

कापडे, ता. पोलादपूर
१७ नोव्हेंबर २०२४

किशोर यांस,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल. तुमची खुशाली विचारत नाही, ती मी माझ्या कानांनी ऐकली आहे. फोनवर अडचणीचं काही निघालं की तुमची रेंज जाते, म्हणून पत्र.

भात झोडून झालं. आईंचा गुडघा दुखतोच. भिकूभावोजींचा ट्रक कशेडी घाटात बंद पडला होता, काल घरी आले.

माझं पोर्तुगीजही छान चाललं होतं. पोर्तुगालला आलीस की मी कामावर असणार, दुकानात तुलाच जावं लागणार, असं तुम्हीच म्हणालात ना? मग शिकले. चुलीपुढे शिकले, कापणी करताना शिकले. ‘क्वांतू कुश्ता’ म्हणजे कितीला. ‘वो लेवार एश्त’ म्हणजे हे घेते. पोलादपूरला भाजीवालीला ‘क्वांतू कुश्ता’ विचारलं, तर तिने मेथीची जुडीच मागे ओढली. शेजारची रखमाकाकू तर माझं ऐकून आपल्या परड्यातली वांगी तोडतानाही ‘वो लेवार’ म्हणायची आणि मी हसायचे. माणसानं किती खुळं असावं!

दिवाळीनंतर बोलावतो म्हणालात, म्हणून आईंनी वाडीतल्या बायका जमवून माझी ओटी भरली. तिकडे पहिला भात याचाच करायचा म्हणून ते तांदूळ मी नारळासकट बॅगेत ठेवले. मग तुम्ही म्हणालात, कागद अडकलेत. ओटी भरून निरोप दिलेली बाई पुन्हा विहिरीवर दिसली की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. “गेली नाय गो अजून?” एवढंच विचारतात, पण रोज विचारतात. मी तुमच्या कागदांची बाजू घेऊन भांडत राहिले.

गेल्या बुधवारी तुम्ही नेहमीसारखा फोन चालू ठेवून दुकानात शिरलात. ऐक, इथे कसं बोलतात ते, म्हणालात. मी देवळाच्या कट्ट्यावर फोन कानाला लावून बसले होते. गल्ल्यावरच्या बाईने तुम्हाला विचारलं, “ई आ मुल्येर? ई ओ बेबे?”

तुम्ही म्हणालात, “एश्तांव बें.”

बायको कशी आहे, बाळ कसं आहे. बरे आहेत. किती सोपं होतं. बायको कापड्याला कट्ट्यावर बसली होती, आणि बाळासाठी तिने केलेले नवस अजून फळायचे आहेत.

हिला भाजी घेण्यापुरतंच येतं, असं तुम्हाला वाटलं असणार. लग्नापासून तुम्ही मला तेवढीच समजत आलात. मला तुमचा राग येतो, आणि त्याहून जास्त किळस येते.

काल बॅग उघडली, ते तांदूळ धुतले आणि शिजवले. आईंना वाढले. भातात हळदकुंकवाचा रंग दिसला तशा त्या थांबल्या. “हे ओटीचं ना गो? तिकडं शिजवायचं होतं ना?” मग मी सगळं सांगितलं. त्या ताटावरून उठल्या नाहीत. भात संपवला, हात धुतला आणि म्हणाल्या, “नारळ कशाला ठेवलास? तो पन फोड.”

फोडला. आज त्याचंच वाटण आहे.

मी इथेच आहे, आईंजवळ. त्यांच्याशी बोलायचं असेल तर त्यांना फोन करा, उचलतील की नाही ते मी सांगू शकत नाही. बाळाला आशीर्वाद, त्या जिवाचा काय दोष.

गल्ल्यावरच्या बाईला कधी खरं सांगावंसं वाटलंच, तर तुमची एक मुल्येर कापड्याला आहे असं सांगू नका. होती म्हणा.

सोनाली