कामावर गेलेला पैसा

३ मार्च

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. तुझ्या बायकोचा खोकला आता थांबला असेल. तो पिठाच्या धुळीचा आहे, औषधाने जायचा नाही. तोंडाला फडकं बांधल्याशिवाय तिला भट्टीच्या खोलीत जाऊ देऊ नकोस. माझा गुडघा आहे तसाच. जिना चढताना तो कुरकुरतो, उतरताना मी.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला? तर फोनवर तू बोलतोस आणि मी हो म्हणते. गेल्या रविवारीही तेच झालं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कशाला हो म्हटलं तेच मला माहीत नाही. म्हणून यापुढे पैशाचं जे काही असेल ते कागदावर.

बाबांचं फोटो फ्रेमचं दुकान विकलं, त्याचे पैसे परवा माझ्या खात्यात आले. अर्धे तुझे, अर्धे माझे. तुझ्या बेकरीच्या जागेचा मालक ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबणार आहे, तोवर पूर्ण रक्कम हातात पडली नाही तर तो जागा दुसऱ्याला विकणार. तुझा वाटा आणि बँकेतली तुझी शिल्लक मिळूनही थोडे कमी पडतात, हे तू सांगितलंस. म्हणजे जवळजवळ आठ महिने हा पैसा सांभाळायचा. त्याला थोडंफार व्याज सुटलं तर आनंदच आहे. पण मुद्दल कमी झालं, किंवा त्या आठवड्यात हाताशी आलं नाही, तर तुझी भट्टी रस्त्यावर येईल. माझ्या वाट्याचं काय करायचं ते मी ठरवलेलं आहे. ते विचारू नकोस.

आठवडाभर मी बँका फिरले. बचत खात्यात ठेवलं तर पैसा कधीही काढता येतो, पण व्याज इतकं कमी की ते मोजायलाही लाज वाटावी. मुदत ठेवीला वर्षाला शंभराला साडेसहा. मध्येच मोडली तर व्याज कापतात. बँकच बुडाली तर ठराविक रकमेपर्यंतच भरपाई मिळते, म्हणून सगळं एका बँकेत ठेवायचं नाही, दोन ठिकाणी विभागायचं. हे बँकेतल्या मुलीने आपण होऊन सांगितलं नाही, मी खोदून काढलं. ती मला सारखी फंडाकडे ढकलत होती. थोडं जास्त मिळेल म्हणे. मी विचारलं, "किंमत खाली आली असेल त्याच दिवशी मला पैसे लागले तर?"

"मॅडम, हा फंड आजपर्यंत कधी पडलेला नाही."

"मीही आजपर्यंत कधी मेलेले नाही," मी म्हटलं. ती हसली आणि फॉर्म पुढे केला. फॉर्मवर एक खूण आधीच छापून ठेवलेली. मुदत संपली की ठेव आपोआप पुन्हा तेवढ्याच काळासाठी ठेवली जाणार. म्हणजे ऑक्टोबरात तू मालकासमोर उभा आणि पैसा पुढच्या जूनपर्यंत कुलपात! मी पेन काढलं, ती खूण खोडली आणि बाजूला सही केली. ती मुलगी हसायची थांबली. मी फॉर्म घरी घेऊन आले.

आता तुझा मित्र. त्याची कंपनी शंभराला महिना दीड देते, असं तू म्हणालास. महिना दीड म्हणजे वर्षाला अठरा. बँक साडेसहा देते. वरचे साडेअकरा कोण देतं आणि का देतं, एवढं मला कळू दे. तू म्हणालास, "ताई, तू सगळ्यांवर संशय घेतेस." घेते. वजन-मापं तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. त्याचाच मला पगार मिळत होता.

तुझी ताई


२१ मार्च

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. खोकला थांबल्याचं तू कळवलं नाहीस, म्हणजे थांबला नसेल.

तुझा मित्र येऊन गेला. मी त्याला बोलावलं नव्हतं, म्हणजे तूच पाठवलास. एवढ्या उकाड्यात गळ्यात टाय! मी त्याचं नाव टायवाला ठेवलंय. हातात पेअर फळांची पेटी. दारातच "ताई" म्हणाला. अनोळखी माणूस पहिल्याच वाक्यात ताई म्हणाला की मी पर्स जवळ ओढते.

बोलतो छान. बिल्डर लोकांना थोड्या मुदतीसाठी पैसा लागतो, बँका त्यांना रखडवतात, म्हणून ते जादा व्याज देतात, असं त्याचं म्हणणं. पैसा कधीही परत मागा. मी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि पेटी परत दिली. ती तो दारात विसरून गेला. विसरून जायची त्याची पद्धतही सरावाची वाटली. पेअर मी खालच्या वॉचमनला दिले. त्याने आधी वास घेतला, तेव्हा मला बरं वाटलं.

तुला आठवतं का, दुकान तपासायला गेले की मी आधी माल तोलायला लावायची नाही. आधी रिकामा काटा बघायची. पारड्यात काही नसताना काटा कुठे उभा आहे ते बघायचं. मग दुकानदाराचा हात. काट्याकडे सगळं जग बघतं, हाताकडे कुणी बघत नाही.

म्हणून मी न सांगता त्याच्या ऑफिसात गेले. चपलांच्या दुकानावरचा मजला. टेबल नवं, खुर्च्या नव्या, कोपऱ्यातलं झाड प्लॅस्टिकचं. तासभर बसले. तेवढ्या वेळात एकही फोन वाजला नाही. बिल्डर नाही, बिल्डरचा माणूस नाही, कुणी आलंच नाही. आला तो फक्त चहा. बिल्डरांची नावं विचारली तर गुप्ततेचा नियम निघाला.

तरी मी थोडे पैसे त्याच्याकडे ठेवले. घाबरू नकोस, माझ्या पेन्शनमधले ठेवले, दुकानाच्या पैशाला हात लावलेला नाही. दहा दिवसांनी पुन्हा न सांगता गेले आणि म्हटलं, "परत हवेत. आत्ता." त्याने कपाळाला आठी घातली नाही. ड्रॉवर उघडला, नोटा काढल्या, दहा दिवसांचं व्याज वर ठेवलं आणि विचारलं, "आता खात्री पटली ना, ताई?"

हे तुला त्याने लगेच कळवलेलं दिसतं, कारण संध्याकाळी तुझा फोन आला. "बघ, दिले ना त्याने! व्याजासकट दिले ना!" तू इतका खूश झालास, इतक्या मोठ्याने हसलास, की मी फोन कानापासून लांब धरला. दुसऱ्याचे पैसे परत मिळाले म्हणून माणूस एवढा हसत नाही.

आता माझी शंका ऐक. माझा पैसा बिल्डरकडे कामावर गेला होता ना? मग भर दुपारी तो घरी कसा सापडला? जो पैसा ड्रॉवरमध्ये झोपलेला होता, त्याने दहा दिवसांत व्याज कुठून कमावलं? ते व्याज माझ्या पैशाचं नव्हतं. माझ्यानंतर कुणीतरी आणून ठेवलेल्या पैशातून त्याने मला ते काढून दिलं. परत मिळाले म्हणून मला तो पटायला हवा होता. परत मिळाले म्हणूनच तो मला पटला नाही.

मी निघताना जिन्यात तो आणखी एक वाक्य बोलला. ते मी आज लिहीत नाही. ते काय असेल ते तुला माहीत आहे का, हे मला आधी बघायचं आहे. या पत्राला पत्रानेच उत्तर दे.

तुझी ताई


९ एप्रिल

छोट्या,

पत्र आलं नाही. फोन आले. मी ते घेतले नाहीत, कारण तुझ्या आवाजाची मला धास्ती वाटते. तू रडवेला झालास की मी काय करते ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

त्याऐवजी मी सकाळच्या वेळी, तू भट्टीवर असताना, तुझ्या बायकोला फोन केला. खोकला विचारायला केला होता, खरंच. ती खोकतच होती, पण खुशीत होती. म्हणाली, "ताई, एक बरं झालं. ह्यांनी आमची शिल्लक जानेवारीतच मालकाला बयाणा म्हणून दिली. आता जागा आपलीच समजा."

तू मला सांगितलंस, शिल्लक बँकेत आहे. तिला सांगितलंस, मालकाला दिली. एकाच मालाची दोन वजनं. मी तिला काही बोलले नाही. "हो का, छान झालं," म्हटलं आणि फोन ठेवला.

आता जिन्यातलं वाक्य लिहिते. टायवाला म्हणाला, "ताई, तुम्ही मोठी रक्कम टाकलीत ना, की भाऊंचे अडकलेलेही लगेच मोकळे होतील."

त्याला वाटलं, मला माहीत आहे.

तर माझा संशय असा. तुझी शिल्लक ना बँकेत आहे, ना मालकाकडे. ती त्या ड्रॉवरवाल्याकडे आहे. सुरुवातीला त्याने एक-दोन महिने व्याज दिलं असेल, मग "पुढच्या आठवड्यात" सुरू झालं असेल. मग त्याने सांगितलं असेल की नवा माणूस आण, तुझे सुटतील. आणि तुझ्याजवळ नवा माणूस म्हणजे मी.

तू मला लुबाडायला निघाला होतास, असं मी म्हणत नाही. तू घाबरला होतास. पण माझे पैसे आत गेल्यावर तुझे बाहेर येणार, आणि मग मी कुणाला आणून बाहेर येणार होते? हे तू स्वतःला कसं समजावलंस? आपल्या ताईचं काय, तिला पेन्शन आहे, असं? मला राग आला आहे. रागापेक्षा जास्त वाईट वाटलं आहे. पैशासाठी नाही. तू माझ्याशी इतकं गोड बोलत होतास आणि मला ते आवडत होतं, म्हणून.

आता मी काय केलं आहे ते ऐक. दोन बँकांत दोन मुदत ठेवींचे फॉर्म भरून ठेवलेत. मुदत ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपते, मालकाच्या तारखेआधी. आपोआप पुन्हा ठेवायची खूण दोन्हीकडे मी स्वतः खोडली आहे. दोन्ही ठेवी तुझ्या-माझ्या दोघांच्या नावाने. ठेवायला दोघांच्या सह्या, मोडायला दोघांच्या सह्या. तुला एकट्याला ती मोडता येणार नाही, आणि तुझा फोन आल्यावर मलाही एकटीला मोडता येणार नाही. दुसरं कारण मोठं आहे.

त्यात माझाही अर्धा वाटा आहे. तू विचारू नकोस असं मी मार्चमध्ये लिहिलं होतं, ते हेच. दुकानाचा सौदा ठरला त्याच दिवशी मी ठरवलं होतं की तुला जे कमी पडेल ते माझ्यातून द्यायचं. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू मालकाशी घासाघीस करायचं सोडून दिलं असतंस. मला वाटलं होतं, तू सरळ मागशील. वर्षाला साडेसहा मिळत असते तरी तुझं भागलं असतं, छोट्या. अठराची गरजच नव्हती. माझ्यावर संशय घ्यायचं मात्र तुला कधी सुचलं नाही. घेतला असतास तर बरं झालं असतं.

तुझी सही होईपर्यंत सगळा पैसा बचत खात्यात पडून आहे, त्या लाजिरवाण्या व्याजावर. रोज थोडं नुकसान होतंय. होऊ दे. तू इथे यायला जेवढा उशीर करशील तेवढं ते वाढेल. आलास की आधी बँकेत जाऊ, मग आपण दोघं चपलांच्या दुकानावर जाऊ. तू काही बोलायचं नाहीस. मी त्याच्या समोरच्या नव्या खुर्चीत बसेन. मग दुसऱ्या दिवशी बसेन. तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी विचारेन की तुम्हाला इथे कुणी पाठवलं. मिळतील तेवढे मिळतील, उरलेल्यासाठी तक्रार करू. दुकानदारांनी मला पेअरपेक्षा भारी पेट्या देऊन पाहिल्या आहेत.

घरी तुझ्या बायकोला तू स्वतः सांगायचं. ते मी करणार नाही.

आणि सहीआधी मला एक गोष्ट हवी. त्या माणसाकडे तुझे एकूण किती अडकलेत, तो आकडा. कारणं नकोत, माफी नको, "थोडेच आहेत ताई" तर मुळीच नको. कुणाकडून उसने घेऊन टाकले असतील तर तेही धरून. एका कार्डावर फक्त आकडा लिही आणि पोस्टात टाक.

तुला एक सांगितलेलं नाही. तू बेकरी टाकलीस तेव्हापासून, तुझ्याकडे आले की परतताना मी एक पाव बरोबर घेते, तो खाण्यासाठी नाही. घरी आणून मी तो तोलते. हो, तुझासुद्धा. इतक्या वर्षांत तो एकदाही कमी भरला नाही, उलट दरवेळी थोडा जास्तच.

तसाच आकडा पाठव.

काटा रिकामा करून बसलेली,
तुझी ताई