आत्याचा मान

सोनई, फेब्रुवारी १९७१

ती. सहादेवदादास चांगुणाचा नमस्कार.

तुझ्या लेकाचं बारसं उद्या हाय, हे मला बाजारात कळलं. नाव वहिनीची बहीण ठेवनार म्हणे. मी सख्खी आत्या जिती हाय, दादा.

दिवाळीला तुमी माझं ताट गोठ्यात मांडलं, तवा मी गप जेवले. मुंबईच्या डॉक्टरांनी माझ्या गालाचा कॅन्सर कापून काढला, आन् हा रोग शिवल्यानं लागत न्हाई, हे तुझ्यासमोरच सांगितलं. तो मला मिसरीनं झाला. तीच मिसरी वहिनी अजून रोज सकाळी दाताला लावती. मिसरी तुमच्या चुलीपाशी चालती, मी चालत न्हाई.

माझं तोंड वाकडं झालंय, बोलनं बोबडं झालंय. पर लेकराच्या कानात एक नाव सांगायला तेवढं लई झालं.

हे पत्र टाकायला स्टँडवर आले, तर तुमच्या बेलापूरकडं जानारी यस्टी उभी हुती. पत्र काय उद्यापत्तुर पोचत न्हाई, म्हणून मीच बसले. इथनं पुढचं यस्टीत लिवतीया, म्हणून अक्षर हाललंय. आता पत्र पिशवीतच राहील, बाळासाठी मी शिवलेल्या कुंचीखाली.

नाव मी ठरवलंय. ते आधी बाळाला सांगीन, मग तुमाला.

वाकड्या तोंडाची तुझी बहीण,
चांगुणा